तीस पैसे मिळाले, पण बाजाराकडे कोण बघतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एसटी महामंडळाला १ ऑगस्ट २०२५ पासून डिझेलवर लिटरमागे आणखी ३० पैसे सवलत मिळू लागली. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ती जाहीर करताना हिशेबही दिला होता. २५१ आगारांच्या पंपांवर मिळून दिवसाला सरासरी १० लाख ७७ हजार लिटर डिझेल लागतं. त्यावर रोजचे ३ लाख २३ हजार आणि वर्षाचे सुमारे ११ कोटी ८० लाख रुपये वाचतील. इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम या दोन पुरवठादार कंपन्यांशी नव्यानं बोलणी केली, म्हणून हे झालं. ज्यांनी बोलणी केली त्यांचं अभिनंदन. पण भांडारात आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात अशी बातमी वाचून दुसराच प्रश्न येतो. बोलल्यावर मिळालं, तर आधीच का बोलले नाहीत?

मी एसटीच्या भांडार शाखेतून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं सातारा जिल्ह्यातल्या आगारांत डिझेलच्या हिशेबावर गेली. लोणी काळभोरच्या तेल डेपोतून टँकर आला की चलन बघायचं, सील बघायचं, टाकीत डिप, म्हणजे मोजपट्टी, टाकून आधीचा साठा नोंदवायचा, नमुना काढून हायड्रोमीटरनं घनता घ्यायची, तापमान लावून ती १५ अंशांवर आणायची आणि चलनावरच्या घनतेशी ताडायची. घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक आला तर टँकर उतरवून घ्यायचा नाही, हे झोपेतसुद्धा सांगता येईल इतकं पाठ. टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का, हे डिपच्या टोकाला पेस्ट लावून बघायचं. एवढं सगळं काटेकोर. फक्त आज हे डिझेल कितीला पडलं, हा प्रश्न आगारात कुणी विचारत नसे. बिल विभागाकडे जाई, भरणा वरून होई. आमच्याकडे लिटर येत आणि लिटर जात. रुपयाचा त्या रजिस्टरशी संबंध नव्हता.

चालकाची दहा लिटरमागची धाव दोन किलोमीटरनं घसरली तर त्याला केबिनमध्ये बोलावून खुलासा मागितला जाई. घाटातली गाडी, जुनं इंजिन, चाकांत हवा कमी, तो बिचारा कारणं सांगत बसे. डिझेल महाग घेतलं म्हणून कुणाकडे खुलासा मागितल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही. स्थानिक खरेदीत फिनेलचा डबा आणि खराटे घ्यायचे तरी तीन कोटेशनं लावावी लागतात. डिझेलचं गणित करून बघा. लिटरला ९० रुपये धरले तर दिवसाचे साडेनऊ कोटींच्या वर, वर्षाचे साडेतीन हजार कोटी. पगाराखालोखालचा सगळ्यात मोठा खर्च. आणि तिथे कोटेशन नाही.

याचं कारण जुनं आहे आणि एके काळी ते बरोबरही होतं. भाव दिल्लीत ठरायचा. कंपनी सरकारी, महामंडळ सरकारी, दर सगळीकडे ठरलेला. मग घासाघीस कशाची करणार? तो काळ जानेवारी २०१३ मध्ये संपला. १७ जानेवारीला केंद्रानं किरकोळ पंपावरचं डिझेल महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढवायला परवानगी दिली आणि ठोक ग्राहकांना, म्हणजे रेल्वे, एसटी, लष्कर, कारखाने यांना एका झटक्यात बाजारभाव लावला. त्याच डिझेलचे दोन दर झाले आणि दोन्हींत दहा रुपयांच्या आसपास फरक पडला. देशभरात परिवहन महामंडळांनी गाड्या बाहेरच्या पंपांवर न्यायला सुरुवात केली. स्वतःची टाकी, स्वतःचा पंप, स्वतःचा ऑपरेटर असताना लाल गाडी ट्रकांच्या रांगेत उभी, हे चित्र तेव्हा गावोगाव दिसलं. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये किरकोळ डिझेलही नियंत्रणमुक्त झालं. १६ जून २०१७ पासून पंपावरचे दर रोज बदलू लागले. निदान कागदावर तरी.

या ‘कागदावर’मध्येच सगळी गोम आहे. मार्च २०२२ आठवा. युक्रेनचं युद्ध पेटलेलं, कच्चं तेल बॅरलला १३० डॉलरच्या पुढे जाऊन आलेलं. उत्तर प्रदेश, पंजाब आणि गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका नुकत्याच झालेल्या. किरकोळ पंपावरचा दर मात्र ४ नोव्हेंबर २०२१ पासून जागचा हललेला नव्हता. ठोक दराला अशी कुणी मुरवत दाखवली नाही. मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे आणि ठोक ग्राहकाला १२२ रुपये ५ पैसे. फरक २७ रुपये ९१ पैसे. बारा हजार लिटरच्या एका टँकरमागे ३ लाख ३५ हजार रुपये होतात. म्हणजे आत्ता जी ३० पैशांची सवलत आपण साजरी केली, तिचा एका दिवसाचा सगळ्या राज्याचा फायदा एका टँकरमध्ये जाऊ शकत होता.

केरळच्या परिवहन महामंडळानं न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं किरकोळ दरानं डिझेल द्या असा अंतरिम आदेश दिला, मे महिन्यात खंडपीठानं तो रद्द केला. दोन दरांचा झगडा कोर्टात सुटणारा नाही, एवढं त्यातून कळलं. खरेदी करणाऱ्यानंच डोळे उघडे ठेवायचे.

डोळे उघडे ठेवायचे म्हणजे काय, ते जरा सविस्तर लिहितो, कारण ‘बाजाराचा अभ्यास’ म्हटलं की आमच्या लोकांना मुंबईतला एखादा कोट घातलेला सल्लागार आठवतो. तसं काही लागत नाही. एक साधं कोष्टक लागतं.

समजा आगारापासून बाहेरचा पंप दीड किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन तीन. एसटीची गाडी लिटरला साडेचारच्या आसपास चालते, म्हणजे पाऊण लिटरच्या आत काम झालं, साठ रुपये म्हणा. शिवाय चालकाचा अर्धा तास आणि पुढच्या फेरीला होणारा उशीर. गाडीत शंभर लिटर भरायचे असतील आणि ठोक-किरकोळ फरक २८ रुपये असेल, तर वाचतात २८०० रुपये. डोळे मिटून जावं. फरक एक रुपयाचा असेल तर वाचतात शंभर, जातात साठ आणि अर्धा तास. जाऊ नये. मधे कुठेतरी एक रेघ आहे. ती प्रत्येक आगारासाठी वेगळी, कारण पंपाचं अंतर वेगळं, रांग वेगळी, गाडीत भरायचं प्रमाण वेगळं. ही रेघ आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर काचेखाली असायला हवी: फरक इतका झाला की बाहेर, इतक्यावर आला की परत आत.

प्रत्यक्षात काय होतं? परिपत्रक येतं. बाहेर जायचं परिपत्रक फरक पडल्यावर काही दिवसांनी येतं, कारण मधे कुणीतरी टिपणी लिहितं, ती कुणीतरी मान्य करतं. आणि आत परत यायचं परिपत्रक तर त्याहून उशिरा. फरक मिटलेला असतो, तरी गाड्या रांगेत. शिवाय बाहेरच्या पंपावर डिप नाही, घनता नाही, टाकीत किती पडलं त्याला पावती हाच पुरावा. माझ्या नोकरीत बाहेरून डिझेल भरण्याचे जे काळ आले, त्या प्रत्येक वेळी हिशेबात भांडणं झाली. चालक म्हणतो नव्वद भरले, पंपवाला म्हणतो शंभर, धाव सांगते पंच्याऐंशी. तेव्हा बाहेर जाणं फुकटचं नसतं. म्हणूनच कधी जायचं, हे भावनेनं न ठरवता आकड्यानं ठरवावं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये कंपन्या तोट्यात विकत होत्या, तेव्हा सवलत मागून उपयोग नव्हता. पण ती वेळ उलटली. कच्चं तेल उतरलं, किरकोळ दर तसाच राहिला. मे २०२२ मध्ये केंद्रानं अबकारी कर कमी केला, त्यानंतर पंपावरचे दर १५ मार्च २०२४ रोजी दोन रुपयांनी उतरेपर्यंत जवळजवळ गोठलेलेच होते. या काळात कंपन्यांचं काय झालं? २०२३-२४ या एका वर्षात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा मिळून निव्वळ नफा ८१ हजार कोटींच्या घरात गेला. हे आकडे वर्तमानपत्रांच्या अर्थ-पानावर ठळक छापून आले होते. विकणाऱ्याच्या पदरात इतकं पडत असताना घेणाऱ्यानं जाऊन बसायचं असतं. आम्ही गेलो ते २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात. एक-दीड वर्ष आधी गेलो असतो तर ३० पैशांवर समाधान मानायची वेळ आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. कांदा घेऊन निघालेला शेतकरीसुद्धा ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी लासलगावचा भाव फोनवर विचारतो.

पंपावरचा बोर्ड बघून बाजार कळत नाही, हेही यातून लक्षात घ्यावं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं अबकारी कर दोन रुपयांनी वाढवला आणि पंपावरचा दर हलला नाही. कच्चं तेल स्वस्त झालं होतं, कंपन्यांकडे तेवढी जागा होती, ती सरकारनं घेतली. जूनमध्ये इस्रायल-इराण संघर्षात कच्चं तेल थोड्याच दिवसांत चढून परत उतरलं. तेव्हाही बोर्डावर फरक नाही. बोर्ड गप्प असतो तेव्हा खाली पुष्कळ काही चाललेलं असतं. ते बघायला पैसे पडत नाहीत. केंद्राच्या पेट्रोलियम नियोजन आणि विश्लेषण कक्षाच्या संकेतस्थळावर भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव नेमानं दिला जातो. मध्यवर्ती कार्यालयातल्या एका कनिष्ठ लिपिकानं रोज सकाळी तो वहीत उतरवला आणि शेजारी ठोक दर, मुंबईचा किरकोळ दर लिहिला, तर महिनाभरात त्याला जे दिसेल ते आमच्या खातेप्रमुखांना इतक्या वर्षांत दिसलेलं नाही.

ठोक दराची आणखी एक खोड आहे. तो साधारण पंधरवड्यानं बदलतो आणि मागच्या पंधरवड्यातल्या आखाती बाजारातल्या डिझेलच्या सरासरीवर बेततो. म्हणजे नवा दर यायच्या दोन-तीन दिवस आधी तो वर जाणार की खाली, हे बऱ्यापैकी कळू शकतं. हा जुगार नाही, बेरीज-वजाबाकी आहे. वर जाणार असेल तर टाक्या भरून घ्याव्यात, खाली येणार असेल तर एक टँकर पुढे ढकलावा. आगारांच्या टाक्यांमध्ये मिळून दोन दिवसांचा साठा इकडे-तिकडे करता आला आणि दरात रुपयाचा फरक पडला, तर एका बदलाला २१ लाख रुपये होतात. आमच्याकडे मागणी नोंदवायची पद्धत अशी की साठा ठरावीक खुणेखाली आला की मागणी. तारीख कोणती, दर कोणता, याच्याशी कर्तव्य नाही. खूण पाळली जाते, एवढं खरं.

तापमानाचं तर कुणी बोलतच नाही. डिझेल तापलं की फुगतं. एक अंशाला हजार लिटरमागे आठशे मिलिलिटरांच्या थोडं वर. एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हातून आलेला टँकर आणि जमिनीखालची आमची टाकी यांच्यात सात अंशांचा फरक सहज असतो. बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये ते ७० लिटर होतात. आम्ही बारा हजारांचे पैसे मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी डिप टाकली की ७० लिटर कमी. नव्या माणसाला वाटतं चोरी झाली. ऑपरेटरवर संशय, पंपाचं कॅलिब्रेशन, चौकशी. चोरी-बिरी काही नसते, भौतिकशास्त्र असतं. पण ७० लिटर म्हणजे ६३०० रुपये आणि त्याच टँकरवरची ३० पैशांची नवी सवलत म्हणजे ३६०० रुपये. मंत्र्यांनी ज्याची पत्रकार परिषद घेतली त्याहून जास्त रक्कम उन्हाळ्यात प्रत्येक टँकरमागे आकुंचन पावते आणि रजिस्टरमध्ये ‘घट’ या रकान्यात जाऊन झोपते. घनता जर १५ अंशांवर आणून ताडता, तर लिटरही १५ अंशांवर आणून बिल करा, अशी अट करारात मागायला काय हरकत आहे? वर्षाला चाळीस कोटी लिटरच्या आसपास घेणारं गिऱ्हाईक आहोत आपण. थंडीत याचा थोडा उलटा परिणाम होईल, तो सोसावा. महाराष्ट्रात थंडी असते किती?

काही वाचकांना वाटेल, मग पुढच्या वर्षाचं डिझेल आजच्या भावात बांधून का घेऊ नये, परदेशातल्या विमान कंपन्या घेतात तसं. मी त्याच्या विरोधात आहे. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला आणि आपल्या एमसीएक्स या वायदेबाजारात तो करार बॅरलला उणे २,८८४ रुपयांवर मिटवावा लागला. मुरलेल्या दलालांचे हात पोळले. महामंडळाच्या लेखा शाखेला या आगीजवळ उभं करू नये. आणि गंमत बघा, कच्चं तेल इतकं पडलेलं असताना मे २०२० मध्ये केंद्रानं डिझेलवरचा कर लिटरला १३ रुपयांनी वाढवला. म्हणजे वायद्यात जिंकला असता तरी करात हरला असता, असा हा बाजार. बाजाराची जाण आणि सट्टा यांत अंतर आहे. मला पहिली हवी आहे.

रेल्वेचं उदाहरण सरकारी लोकांना पटकन पटतं म्हणून देतो. रेल्वे वर्षानुवर्षं राज्याराज्यांच्या वीज कंपन्यांकडून लागेल त्या दरानं वीज घेत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिनं महाराष्ट्रात दाभोळच्या रत्नागिरी गॅस प्रकल्पातून थेट वीज घ्यायला सुरुवात केली, ४ रुपये ७० पैसे युनिटनं, आधीच्यापेक्षा बऱ्याच कमी दरानं. वीज तीच, तारा त्याच, लोकलही तीच. कुणीतरी कागद उघडून विचारलं, एवढाच फरक.

स्पर्धेबद्दल दोन शब्द. डिझेल विकणाऱ्या फक्त सरकारीच कंपन्या नाहीत. नायरा आहे, जिओ-बीपी आहे. त्यांना दर मागायला काय जातं? दर मागितला की सरकारी कंपन्यांचाही आवाज मऊ होतो. मात्र सगळं त्यांच्या हवाली करू नये, हेही मी सांगेन. २००८ मध्ये सरकारी पंपांवरच्या अनुदानित दराशी टक्कर देता येईना म्हणून रिलायन्सनं आपले १,४३२ पंप बंद करून टाकले होते. भाव उलटा फिरला की खासगी दुकानदार शटर ओढतो आणि तो त्याचा हक्क आहे. पहाटेची मुक्कामी गाडी मात्र निघालीच पाहिजे. तेव्हा मोठा हिस्सा सरकारी कंपन्यांकडे, थोडा हिस्सा खुल्या निविदेनं, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते.

पैसे वेळेवर देणं हीही बाजाराची जाणच आहे. थकबाकीदार गिऱ्हाईकाला कोण सवलत देतो? एसटी अडचणीत असताना पगार आधी की डिझेल आधी, ही ओढाताण मी जवळून पाहिली आहे. तिकिटांतल्या सवलतींचे पैसे शासनाकडून उशिरा येतात, मग डिझेलचा भरणा लांबतो, मग आपण कंपनीसमोर बसतो ते हात जोडून. पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत, महिलांना अर्धं तिकीट, या योजना चांगल्याच आहेत, माझी आई असती तर तिनं रोज गोंदवल्याला फेरी मारली असती. पण त्याची प्रतिपूर्ती महिन्याच्या महिन्याला झाली तर डिझेलच्या दरात जे वाचेल, ते शासनालाच परत मिळेल.

आणि हे एकट्या एसटीचं दुखणं नाही. नगरपालिकांच्या घंटागाड्या, पाण्याचे टँकर, जिल्हा परिषदेच्या जीपा यांचं डिझेल बहुतेक गावांत एका ठरलेल्या पंपावरून उधारीच्या चिठ्ठीवर येतं. पंपवाल्याचे पैसे सहा-सहा महिने अडकतात, म्हणून तो पूर्ण दर लावतो, आणि पूर्ण दर लावला म्हणून कुणी त्याला दोष देऊ शकत नाही. एका तालुक्यातल्या सगळ्या सरकारी गाड्यांचं डिझेल एकत्र केलं आणि फ्लीट कार्डावर, म्हणजे तेल कंपनीच्या गाड्यांसाठीच्या कार्डावर, रोखीनं घेतलं, तर चिठ्ठ्यांचा कारभारही थांबेल. का थांबवत नाहीत, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

सीमेवरच्या आगारांचा मुद्दा नाजूक आहे, तरी लिहितो. गोव्यात डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त, हे सावंतवाडीच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. आमच्या गाड्या रोज पणजीला जातात, तिथून रिकाम्या टाकीनं परत येतात आणि सिंधुदुर्गात महाग डिझेल भरतात. तिथेच भरलं तर एसटीचा फायदा आणि महाराष्ट्राच्या व्हॅटचा तोटा. शासन म्हणेल एका खिशातलं दुसऱ्या खिशात. पण मग प्रवासी भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेताना आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ करताना हे दोन खिसे वेगळे कसे होतात? भाडं भरणारा वडूजचा शेतमजूर कुठल्याच खिशात हात घालू शकत नाही.

मागण्या थोडक्यात. डिझेलच्या खरेदीवर लक्ष ठेवणारा तीन-चार माणसांचा कक्ष मध्यवर्ती कार्यालयात असावा, त्यात एकजण तरी आगारात टँकर उतरवून घेतलेला असावा. सवलतीच्या कराराची फेरबोलणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी, मंत्र्यांच्या मनात येईल तेव्हा नव्हे. बिल १५ अंशांवरच्या लिटरनं व्हावं. बाहेर जायची आणि आत यायची रेघ आगार व्यवस्थापकाला आधीच ठरवून द्यावी, म्हणजे परिपत्रकाची वाट बघावी लागणार नाही. आणि प्रत्येक आगाराला डिझेल कितीला पडलं व त्या दिवशी जवळच्या पंपावर दर काय होता, हे दोन आकडे महिन्यातून एकदा महामंडळाच्या संकेतस्थळावर टाकावेत. कंपनीचं व्यापारी गुपित वगैरे सबब यात चालणार नाही. पैसा तिकिटाचा आहे.

यातल्या शेवटच्या मागणीला विरोध होईल हे मला माहीत आहे, कारण २५१ आकडे एका पानावर आले की शेजारच्या दोन आगारांत फरक का, असं कुणीतरी विचारेल. फलटणचा माणूस बारामतीचा दर बघेल. विचारू देत. १ ऑगस्ट २०२६ ला नव्या सवलतीला वर्ष पूर्ण होईल. तोवर पुढच्या बोलणीची तारीख ठरवून ती जाहीर करावी, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत परिवहनमंत्र्यांना करतो.

आपला,
एसटीच्या भांडार शाखेतील एक निवृत्त कर्मचारी
(जि. सातारा, नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)